ऑर्किडला पाणी कधी घालायचं, हे मूळच सांगतं

सावंतवाडीजवळ आमच्या आजोळी विहिरीच्या वाटेवर एक जुना आंबा आहे. त्याच्या दोन मोठ्या फांद्या फुटतात तिथे सीतेची वेणी, हे आपल्याकडचं रानातलं ऑर्किड, बसलेली आहे. मे सरत आला की तिचा जांभळ्या ठिपक्यांचा घोस हातभर खाली लोंबतो आणि जाणारा-येणारा मान वर करून उभा राहतो. आसामात याच फुलाला कोपौ म्हणतात, बिहूला मुली ते अंबाड्यात माळतात. आमच्या वेणीला आजवर कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नाही, खत तर नाहीच. चार महिने ती कोकणातल्या पावसात भिजते आणि पुढचे पाच-सहा महिने जवळजवळ कोरडी बसून राहते. तरी दरवर्षी फुलते.

आणि पुण्यात, फ्लॅटच्या खिडकीत, माझं पहिलं ऑर्किड पाणी घालता घालता मेलं.

वास्तुशांतीला भेट आलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस होतं ते. फुलपाखरं ओळीने बसावीत तशी नऊ फुलं, खाली चिनी मातीची सुंदर कुंडी. दर रविवारी मी न चुकता पाणी घालत होते. जुलैत पानं मऊ पडली, त्यांवर सुरकुत्या आल्या. तहानलंय असं वाटून मी बुधवारीही पाणी घालायला लागले. पंधरा दिवसांनी पान पुसायला हात लावला, तर सगळा शेंडाच हातात आला. कुंडीतून रोप बाहेर काढलं तेव्हा मुळं तपकिरी, पिचपिचीत झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. कुंडीला खाली भोक नव्हतं. तळाशी दोन बोटं काळं पाणी साचलेलं होतं.

घरात आणलेली बहुतेक ऑर्किड याच वाटेने जातात. म्हणून "आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?" असं कुणी विचारलं की मी आधी मुळाबद्दल बोलते. मूळ कळलं की पाण्याचं आणि खताचं बाकी सगळं आपोआप कळतं.

मूळ नेमकं कसं असतं

आपण घरात ठेवतो ती बहुतेक ऑर्किड मातीत वाढणारी नाहीत. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा, कॅटलिया ही सगळी मुळात झाडाच्या खोडावर, फांदीवर राहणारी. बांडगुळासारखी ती झाडाचा रस शोषत नाहीत. फक्त आधार घेतात. त्यांची मुळं सालीला चिकटून किंवा सरळ हवेत लोंबत असतात.

या मुळाभोवती एक जाड, स्पंजसारखं आवरण असतं. त्याला वेलामेन म्हणतात. ते मेलेल्या, आतून पोकळ पेशींचं असतं. कोरडं असताना त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. पाणी लागलं की स्पंज ते क्षणात ओढून घेतो, आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. पारदर्शक कुंडीत हे डोळ्यांदेखत होतं. पाणी ओतायला लागलं की पांढऱ्या मुळांवर हिरवी लाट सरकत जाते. ऑर्किड पाळणाऱ्याने एकदा तरी कुंडीजवळ तोंड नेऊन हे बघावं. पाण्याचा सगळा धडा त्या एका मिनिटात आहे.

आता झाडावरची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. पावसाची सर येते, खोडावरून पाणी ओघळतं, स्पंज भरून घेतो. सर थांबते, वारा सुटतो, काही तासांत मूळ पुन्हा पांढरं. म्हणजे मुळाला भिजणं हवं आणि लगेच वाळणंही हवं. वाळताना त्या पोकळ्यांत हवा शिरते आणि आतल्या जिवंत पेशींना प्राणवायू मिळतो. मूळ दिवसेंदिवस ओलंच राहिलं की ते गुदमरतं, मग बुरशी आणि जिवाणू येतात आणि ते कुजतं. कुजलेलं मूळ पाणी वर देऊ शकत नाही. त्यामुळे कुंडीत पाणी तुडुंब असताना पान मात्र तहानेने सुकतं. माझी चूक नेमकी इथे झाली. जास्त पाण्याने सुकलेलं पान आणि कमी पाण्याने सुकलेलं पान अगदी सारखं दिसतं. फरक फक्त मुळात दिसतो. मुळं पांढरी, टणक आणि पान मऊ असेल तर पाणी द्या. मुळं तपकिरी, लिबलिबीत असतील तर पाणी थांबवा.

ही चूक करणारे आपण पहिले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. उष्ण प्रदेशातलं झाड आहे म्हणून त्यांनी ती बंद, वाफाळलेल्या, कोळशाच्या धगीने तापवलेल्या काचघरांत कोंडली आणि जहाजंच्या जहाजं भरून आलेली रोपं मेली. ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला १८३५ मध्ये आपल्याकडे पाठवलं. तो खासी टेकड्यांत जाऊन ऑर्किडच्या पेट्या भरून घेऊन परतला. त्याच ड्यूकच्या चॅट्सवर्थ इस्टेटीवर त्यांचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरांत हवा खेळती ठेवायला सुरुवात केली, आणि रोपं जगू लागली. उष्णता आणि ओल त्यांनी आधीपासून दिलेलीच होती, वारा तेवढा द्यायचा राहिला होता.

पाणी घालायचं कसं

आधी ती शोभेची कुंडी बाजूला काढा. आत बहुधा पातळ प्लॅस्टिकची, भोकांची कुंडी असते. पाणी देताना ती बाहेर काढायची, निथळल्यावर परत आत ठेवायची. आणखी एक गोष्ट बघा. बाजारातल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांच्या मधोमध पुष्कळदा शेवाळाचा (मॉसचा) घट्ट दाबलेला गोळा असतो. रोप लहान असताना ते त्यातच वाढवलेलं असतं. वरचा थर कोरडा वाटतो, पण तो गोळा आतून आठवडाभर ओला राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते. फुलं गळून गेली की रोप काढून तो गोळा बोटांनी हलकेच मोकळा करून टाका.

पाणी सकाळी द्या. बेसिनमध्ये कुंडी धरून नळाच्या बारीक धारेखाली मिनिटभर फिरवा, किंवा बादलीत कुंडीच्या काठाखालपर्यंत पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग पूर्ण निथळू द्या. घोटभर पाणी रोज घालण्यापेक्षा एकदाच भरपूर आणि मग वाळेपर्यंत काहीच नाही, हे कितीतरी चांगलं. एकाच बादलीत चार कुंड्या एकामागून एक बुडवू नका, एकीचा रोग चौघींना लागतो.

फॅलेनॉप्सिसची पानं जिथून फुटतात त्या खोबणीत पाणी साचलं तर कागदाच्या बोळ्याने टिपून घ्या. रात्रभर तिथे पाणी राहिलं की शेंडा कुजतो, आणि या रोपाला शेंडा एकच असतो. रानात झाडावर ते तिरकं, लोंबतं वाढतं, त्यामुळे पाणी आपसूक गळून जातं. कुंडीत आपण त्याला सरळ उभं केलंय, म्हणून ही काळजी आपल्यावर आली.

परत कधी द्यायचं? कुंडी पारदर्शक असेल तर भिंतीलगतची मुळं बघा. हिरवी असतील तर थांबा. सगळी चंदेरी झाली आणि कुंडीच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसेनासे झाले की द्या. कुंडी पारदर्शक नसेल तर उचलून बघा. पाणी घातल्या घातल्या एकदा आणि पुरतं वाळल्यावर एकदा हातात तोलून बघितली, की पुढे हाताला वजन कळतं. तेही जमेना तर लाकडी शिगेने बघा. शीग कुंडीत मध्यापर्यंत खोचायची, दहा मिनिटांनी काढून गालाला लावायची. गार लागली तर आत ओल आहे.

माझ्या खिडकीत, सालीच्या तुकड्यांत लावलेल्या फॅलेनॉप्सिसला एप्रिलमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी लागतं, डिसेंबरात आठवड्याने आणि जुलैत कधी कधी दहा-बारा दिवसांनी. हे आकडे तुमच्या घरी जुळतीलच असं नाही. तेच रोप मुंबईत समुद्राजवळ असेल, नागपुरात कूलरसमोर असेल किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत असेल तर हिशेब बदलतो. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की मुळं वाळतच नाहीत. त्या दिवसांत मी पाण्यापेक्षा पंख्याचा जास्त विचार करते. रोपांच्या अंगावर थेट झोत नको, पण खोलीत हवा फिरती हवी.

कुंडीत काय भरलंय यावरही बरंच ठरतं. शेवाळ पाणी खूप धरतं, पाइनच्या सालीचे तुकडे मध्यम, लोणारी कोळसा आणि कौलांचे तुकडे फार थोडं. कोकणात कोळसा, फुटकी कौलं आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे हे मिश्रण पूर्वीपासून वापरतात आणि ते चांगलंच आहे. सोडण मात्र आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, त्यात क्षार असतात. साल असो की सोडण, दीड-दोन वर्षांत त्याचा भुगा व्हायला लागतो. भुगा म्हणजे मातीच झाली, हवा बंद. तेव्हा मिश्रण बदलायचं. आणि साधी कुंडीतली माती तर अजिबात वापरू नका.

सगळी ऑर्किड एका मापाने मोजता येत नाहीत. फॅलेनॉप्सिसकडे पाणी साठवायला जाड पानांपलीकडे काही नसतं, म्हणून त्याची मुळं पूर्ण वाळली की एखाद-दुसऱ्या दिवसात पाणी द्यावं. डेंड्रोबियमच्या जाड कांड्या म्हणजे पाण्याच्या टाक्या. तिला दोन-तीन दिवस कोरडं ठेवलं तर उलट बरं. जुनी, पानं झडलेली कांडी वाळली समजून कापू नका, नवीन फुटवा तिच्याच जिवावर वाढत असतो. व्हँडा जाळीच्या टोपलीत उघड्या मुळांनी टांगलेली असते. तिला उन्हाळ्यात रोज, पुण्यासारख्या कोरड्या हवेत तर दोनदाही, मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत भिजवावं लागतं. ज्यांच्या घरी दुपारभर कुणी नसतं त्यांना मी व्हँडा घेऊ नका असंच सांगते.

अमेरिकेत फॅलेनॉप्सिसला आठवड्याला तीन बर्फाचे खडे ठेवायची पद्धत आहे. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी ती तपासली आणि २०१७ मध्ये लिहिलं की त्याने रोपाचं नुकसान होत नाही. ते खरं, पण बर्फाचा उपयोग पाणी मोजून आणि हळूहळू देण्यापुरताच. त्याने कुंडी धुऊन निघत नाही, आणि आपल्याकडच्या पाण्यात हे धुणं महत्त्वाचं आहे.

पाणी कोणतं

मुंबईच्या तलावांचं किंवा खडकवासल्याचं नळाचं पाणी ऑर्किडला चालतं. अडचण बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची. उपनगरांतल्या नव्या सोसायट्यांत हेच पाणी येतं. बादलीच्या काठाला, नळाच्या तोटीला पांढरा थर धरत असेल तर तोच थर मुळांवरही बसतोय असं समजा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र हल्ली कुठेही मिळतं. दीडशेच्या आत उत्तम, तीनशेपर्यंत निभावतं, त्यापुढे मुळांची टोकं काळी पडायला लागतात.

पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी बादलीत साठवतो आणि झाडांना घालतो. भावना चांगली आहे, पण ऑर्किडला ते देऊ नका. यंत्राने काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. फरशी पुसायला वापरा. पाणी मऊ करणारं यंत्र बसवलेलं असेल तर त्यातलंही देऊ नका, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. गच्चीत भांडं ठेवून पहिल्या एक-दोन सरींनंतरचं भरून ठेवलं तर दोन-चार रोपांना बरेच दिवस पुरतं.

खत: झाडावरून ओघळणारं पाणी

आंब्यावरच्या वेणीला खत कुठून मिळतं? पावसाचं पाणी पानांवरची धूळ, पाखरांची विष्ठा, सालीवरचा कुजलेला पाचोळा असं सगळं धुऊन खाली आणतं. या सगळ्याचं फार पातळ सत्त्व त्या पाण्यात असतं, आणि सरीच्या सुरुवातीला ओघळणाऱ्या पाण्यात सर्वांत जास्त. स्पंज नेमकं तेच पहिलं पाणी धरून ठेवतो. ऑर्किडचं खत म्हणजे या पाण्याची नक्कल. फार पातळ, पण वाढीच्या दिवसांत सतत.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत घरच्या ऑर्किडला पुरेसं आहे. आकडे अनुक्रमे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. पिकावर फवारताना शेतकरी लिटरला पाच ग्रॅमच्या आसपास घेतात. आपल्याला त्याचा दहावा हिस्सा पुरे, लिटरला अर्धा ग्रॅम. घरच्या वजनकाट्यावर अर्धा ग्रॅम मोजता येत नाही, म्हणून मी असं करते: एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, विरघळवून बाटली भरून ठेवते. आठवड्याला त्यातलं शंभर मिली घेऊन त्यात नऊशे मिली साधं पाणी घालते. झालं अर्ध्या ग्रॅमचं पाणी. बाटली अंधारात ठेवायची, तिच्यावर नाव लिहायचं आणि ती मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही.

हे पाणी नवीन पान, नवीन मूळ वाढत असताना आठवड्याला एकदा द्या. खत देण्याआधी साध्या पाण्याने भिजवून घ्या असं सांगतात. दाट खताला ते बरोबर आहे, कारण कोरड्या मुळाला ते भाजतं. पण इतकं पातळ असेल तर थेट द्या. स्पंज आधीच साध्या पाण्याने भरला तर खताला जागा कुठे राहते? महिन्यातून एक आठवडा मात्र खताचा खाडा करून कुंडी साध्या पाण्याने चांगली धुऊन काढा, तीन-चार कुंड्या भरतील एवढं पाणी त्यातून वाहून जाऊ द्या. सालीच्या तुकड्यांवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसली तर हे धुणं कमी पडतंय.

आरओचं शुद्ध किंवा पावसाचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ नसतं. महिन्यातून एकदा लिटरला पाव-अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि दुसऱ्या एखाद्या आठवड्यात तेवढंच मॅग्नेशियम सल्फेट द्या. कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ च्या किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या दाट पाण्यात मिसळू नका. पांढरा साका खाली बसतो आणि तो रोपाला मिळत नाही.

तांदूळ धुतलेलं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, केळीच्या सालीचं पाणी, ताक यांबद्दल मला सतत विचारतात. परसातल्या जास्वंदीला खुशाल घाला. तिथे माती आहे, मातीत हे सगळं कुजवून देणारे जीव आहेत. सालीच्या तुकड्यांत मात्र ते आंबतं, त्यावर चिलटं येतात, बुरशी धरते आणि साल लवकर कुजते. आठ-दहा दिवस आंबवलेली शेणाची निवळी गाळून, चहाच्या कोऱ्या पाण्याइतकी फिकी करून बाहेर टांगलेल्या डेंड्रोबियमला देणारे जुने लोक आहेत आणि त्यांची रोपं देखणी असतात. पण ती बाहेर, पावसात धुऊन निघणारी. बंद घरात मी हे करणार नाही.

हिवाळ्यात वाढ थांबली की खत पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्या. पानं झडणाऱ्या डेंड्रोबियमला तर तेव्हा खत बंदच, पाणीही जेमतेम. सह्याद्रीतलं एक डेंड्रोबियम पावसाळ्यात हिरवंगार असतं, नंतर सगळी पानं टाकतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी नुसत्या उघड्या काड्यांवर पांढऱ्या फुलांनी लगडतं. त्याला त्या कोरड्या दिवसांत खायला-प्यायला घालत बसलं, तर फुलांच्या जागी नुसते फुटवे येतात.

फुलं यावीत म्हणून ०:५२:३४ घालायचा मोह होतो. दुकानदारही तेच हातात देतात. स्फुरदाने फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा फुटत नाही, तो फुटतो गारव्याने. काही आठवडे तापमान सव्वीस अंशांच्या खाली राहावं लागतं, सतत अठ्ठावीस-तीसच्या वर असेल तर ते नुसती पानं काढत बसतं. पुण्या-नाशिकला नोव्हेंबर ते जानेवारीत खिडकीजवळ हा गारवा आपोआप मिळतो, फक्त पंधरा अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. मुंबईत तो मिळणं कठीण. म्हणून मुंबईच्या बहिणीला मी डेंड्रोबियम दिलं. तिच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं, आणि त्याला वर्षातून दोनदा फुलं येतात, काही वेगळं न घालता.

एवढं वाचून आजोळच्या झाडावरची किंवा घाटातली वेणी खरवडून आणावीशी वाटली तर कृपा करून आणू नका. ती सालीपासून उपटताना मुळं तुटतात आणि फ्लॅटमध्ये ती बहुतेक मरते. सगळीच ऑर्किड आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहेत, ती उगीच नाही. रोपवाटिकेत वाढवलेली रोपं स्वस्त आणि निरोगी मिळतात.

तुमचं ऑर्किड आत्ता मऊ पडलेलं असेल तर आजच कुंडीतून काढा. लिबलिबीत मुळं गॅसवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, पण फक्त कापलेल्या जागी, कारण चांगल्या मुळालाही ती कोरडं पाडते. एक दिवस सावलीत उघडं ठेवा. मग मुळं मावतील एवढ्याच लहान कुंडीत, नव्या सालीत लावा. मोठी कुंडी घेतली तर मधे ओल राहते आणि पुन्हा तेच होतं. खत देऊ नका. मुळंच नाहीत तर ते घेणार कोण? पाणी मिश्रण ओलसर राहील एवढंच. महिना-दोन महिने काहीच घडत नाहीसं वाटेल, पानं आणखी थोडी सुकतील. मग एके दिवशी तळाच्या पानाच्या बगलेतून पोपटी, चकचकीत टोकाचं मूळ डोकावेल. ते तर्जनीएवढं लांब होऊन सालीत शिरलं की पाव ग्रॅमपासून खत सुरू करा.